प्रश्न तुमचे : लीडरशिपचा फॉर्म मराठीत आणायचाय, पण कसा?

मागच्या अंकात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या लीडरशिप टूलबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते, बाहेरच्या देशात तयार झालेली एक प्रश्नावली असते, त्यात विद्यार्थी स्वतःच स्वतःला मार्क देतात, मी किती पुढाकार घेते, टीमला किती धरून ठेवते, निर्णय घेताना किती डगमगते वगैरे. एमएससीच्या मुलींना ती थीसिससाठी हवी असते, कॉलेजांना ट्रेनिंगच्या आधी आणि नंतर मोजायला. अशी टूल्स बरीच आहेत. कूझेस आणि पोस्नर यांची स्टुडंट लीडरशिप प्रॅक्टिसेस इन्व्हेंटरी आहे, ३० विधानांची. खास बीएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत स्मोला यांनी केलेलं सेल्फ-असेसमेंट लीडरशिप इन्स्ट्रुमेंट आहे, त्याचं छोटं नाव ‘साली’ (हसून घ्या एकदाच), आणि ते पुढे स्पेनमधल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी तिकडच्या लोकांनी बेतून घेतलं. आता आपल्याकडे आणायचं तर काय काय करावं लागतं यावर आलेली ही निवडक पत्रं. नावं कुणाचीच छापत नाही, पाठवणाऱ्यांनीच तसं सांगितलंय.

प्रश्न : ताई, माझा थीसिस बीएस्सीच्या विद्यार्थ्यांच्या लीडरशिपवर आहे. टूल अमेरिकेतलं. मला सांगितलं गेलं की मराठीच्या सरांकडून ट्रान्सलेशन करून घे, इंग्लिशच्या मॅडमकडून परत इंग्लिश करून घे, दोघांची सर्टिफिकेटं जोड, झालं काम. मी केलं. परत आलेलं इंग्लिश मूळच्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळलं. सगळे म्हणतात मस्त. तरी मला धाकधूक वाटतेय. – एमएससी नर्सिंग, दुसरं वर्ष, नांदेड

उत्तर : धाकधूक वाटतेय ते चांगलंच आहे, ती सोडू नकोस. शब्दाला शब्द जुळलं याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की सरांनी इंग्लिशचा सांगाडा आहे तसा मराठीत उभा केला आणि मॅडमनी तोच सांगाडा उचलून परत इंग्लिशमध्ये ठेवला, आणि या सगळ्या ये-जा मध्ये तो फॉर्म जिला भरायचाय ती मुलगी कुठेच नव्हती.

एक उदाहरण घे, वाक्य मीच बनवलंय, कुठल्या टूलमधलं नाही. ‘मी गटातील संघर्षाचे व्यवस्थापन करते.’ परत इंग्लिशमध्ये नेलं तर ‘आय मॅनेज कॉन्फ्लिक्ट इन द ग्रुप’, शंभर टक्के मॅच. आता हेच वाक्य जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) सेकंड इयरच्या मुलीसमोर ठेव. संघर्ष म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर येते संघर्ष समिती, मोर्चा, धरणं. व्यवस्थापन म्हणजे प्रिन्सिपल मॅडम करतात ते. ती बिनधास्त ‘कधीच नाही’वर टिक करून पुढे जाते. आणि हीच मुलगी काल इव्हिनिंगला ड्रेसिंगची ट्रॉली कुणी आवरायची यावरून दोघींचं वाजलं तेव्हा मधे पडली होती, एकीला ट्रॉली दिली, दुसरीला इंटेक-आउटपुट चार्ट दिला, पाच मिनिटांत मिटवलं. तिला या विधानाला सगळ्यात कमी मार्क पडले. यात तिचा काय दोष? वाक्यच तिच्यापर्यंत पोचलं नाही.

बॅक ट्रान्सलेशन वाईट नाही हं. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि तेव्हापासून ती चाललीय. पण ती एक पायरी आहे, अख्खा जिना नाही. २००० साली बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत छापली ती आजही जगभर वापरतात. त्यात मराठीत आणणारे दोघं लागतात, एक विषय माहीत असलेला, दुसरा मुद्दाम काहीच न सांगितलेला, कारण त्या दुसऱ्याचं मराठी साध्या माणसाचं मराठी असतं. मग दोघांना समोरासमोर बसवून एक मसुदा करायचा, कुठे भांडण झालं ते लिहून ठेवायचं. मग ज्यांनी मूळ टूल पाहिलेलंच नाही असे दोघं परत इंग्लिश करतात. मग कमिटी बसते, आणि ही कमिटी म्हणजे नुसते सह्या करणारे एक्सपर्ट नाहीत, भाषांतर करणारे, नर्सिंगवाले, रिसर्चची पद्धत कळणारे असे सगळे एका टेबलावर. आणि शेवटी ३० ते ४० विद्यार्थ्यांवर ट्रायल.

ही जी शेवटची ट्रायल आहे ना, तिथेच खरी मजा आहे आणि आपल्याकडे नेमकी तीच पायलट स्टडीच्या नावाखाली गुंडाळली जाते. फॉर्म वाटले, गोळा केले, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढला, पायलट झाली. तसं नको. चार-पाच मुलींना वेगवेगळं बसव, वॉर्डात नको, कॉलेजातही नको, होस्टेलच्या मेसमध्ये चहा घेत बसलीस तरी चालेल, आणि प्रत्येक वाक्य तिला मोठ्याने वाचायला लाव. मग विचार, यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कुठला प्रसंग आठवला? ३ ला टिक का केलीस, ४ ला का नाही? पहिल्या दोन मुलींमध्येच तुला कळेल कुठली वाक्यं मेलेली आहेत. दुरुस्त कर, मग पुढच्या चार-पाच मुली. दोन-तीन फेऱ्यांत नवीन तक्रार येईनाशी होते, तेव्हा थांब. आकडेमोडीचं एसपीएसएस सॉफ्टवेअर त्यानंतर उघडायचं.

आणि हो, परवानगी. टूल नेटवर पीडीएफमध्ये सापडलं म्हणजे ते फुकटचं झालं असं नाही. स्टुडंट लीडरशिप प्रॅक्टिसेस इन्व्हेंटरीसारख्या टूलचे हक्क राखून ठेवलेले असतात, वापरायची आणि भाषांतराची परवानगी वेगवेगळी मागावी लागते. आजच मेल टाक, उत्तर यायला वेळ लागतो आणि एथिक्स कमिटी तो कागद मागणार म्हणजे मागणारच.

प्रश्न : आमच्या बॅचमध्ये आम्ही मोजके ब्रदर. फॉर्म आला त्यात सगळीकडे ‘मी करते, मी सांगते, मी घेते’. मुली हसायला लागल्या, आम्ही पण काहीतरी टिका मारून दिला. हे असं चालतं का? – बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष, कोल्हापूर

उत्तर : नाही चालत. आणि गंमत बघ, तुमच्या कोल्हापूरकडे मुलीच ‘मी येतो, मी करतो’ म्हणतात, तेव्हा उलटा फॉर्म आला असता तर कदाचित कुणाला खटकलंही नसतं! पण छपाईच्या मराठीत प्रश्न खरा आहे. इंग्लिशमध्ये ‘आय’ म्हटलं की संपलं. मराठीत ‘मी करते’सारख्या वाक्यात मीच्या पुढे क्रियापद आलं की बाई का बुवा ते सांगावंच लागतं. नर्सिंग म्हणजे बायकांचंच काम असं धरून चाललेला फॉर्म तुमच्यासारख्यांना पहिल्याच ओळीत बाहेर काढतो, मग पुढची उत्तरं कसली खरी येणार.

लोक यावर तीन-चार उपाय करतात. पहिला स्लॅशचा, ‘करतो/करते’. तीस-चाळीस विधानांत हा स्लॅश आला की वाचताना दर ओळीला ठेच लागते, शिवाय फॉर्म बँकेच्या केवायसीसारखा दिसायला लागतो. दुसरा उपाय हुशारीचा वाटतो, ‘मला कामाची वाटणी करायला जमतं’. लिंगाची भानगड मिटली की! पण मिटता मिटता अर्थ बदलला. मूळ टूल विचारत होतं तू हे किती वेळा करतोस. आता आपण विचारतोय तुला हे येतं का. ज्याला येतं पण आयुष्यात कधी केलं नाही तो इथे ५ देऊन मोकळा होईल. ही चूक मी छापील टूल्समध्येसुद्धा पाहिलीय आणि कमिटीच्या नजरेतून ती निसटते कारण वाक्य वाचायला अतिशय गोड लागतं.

तिसरा उपाय मला आवडतो. आपल्या भाषेत भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की मीचं लिंग दिसतच नाही. ‘गेल्या पोस्टिंगमध्ये मी कामं वाटून दिली’, ‘मी हँडओव्हर (ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती) नीट दिला’, हे तू म्हण नाहीतर तुझी मैत्रीण म्हणो, वाक्य तेच. वर आणखी फायदा असा की पोस्टिंगचा काळ ठरवून दिल्यामुळे विद्यार्थी हवेत उत्तर देत नाही, खरोखरचे दिवस आठवतो. पण सगळीकडे हे बसत नाही, ‘मी पुढे आलो/आले’, ‘मी बोललो/बोलले’ इथे परत तेच. शिवाय काळ बदलला म्हणजे मूळ टूलपासून जरा सरकलो, ते मूळ लेखकांना कळवून, कमिटीत ठरवून, रिपोर्टमध्ये लिहून करायचं. एवढी उठाठेव नको असेल तर सरळ दोन फॉर्म छापा, एक करतेचा एक करतोचा, बाकी एक अक्षर वेगळं नको, आणि ज्याला जो हवा तो त्याने स्वतः उचलायचा, तोंडाकडे बघून वाटायचा नाही. गुगल फॉर्म असेल तर पहिल्याच प्रश्नावर सेक्शन वेगळा करता येतो, अजिबात अवघड नाही.

प्रश्न : मी ट्यूटर आहे. आम्ही एक टूल मराठीत केलं. ‘वरिष्ठांपेक्षा वेगळं मत असेल तर मी मांडते’, ‘डॉक्टरांच्या ऑर्डरबद्दल शंका असेल तर बोलून दाखवते’ अशा विधानांना मुलींनी सगळ्यात कमी मार्क दिले. कमिटीतले दोन एक्सपर्ट म्हणाले हे आपल्या कल्चरमध्ये बसत नाही, काढून टाका म्हणजे अल्फा पण सुधारेल. काढू का? – नाशिक

उत्तर : मॅडम, काढू नका. निदान आत्ता तरी नको.

कमी मार्क पडण्याची दोन कारणं असू शकतात आणि ती दोन्ही अगदी वेगळी आहेत. एक, मुली खरंच बोलत नाहीत. दोन, मुली बोलतात पण ज्या पद्धतीने बोलतात ती तुमच्या वाक्यात मावत नाही. आधी यातलं कुठलं ते शोधा.

समजा मेल मेडिकल वॉर्ड आहे, नाईट ड्युटी, ऑर्डरमध्ये पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय पण ड्रिपमध्ये घालून की कसं, ते धड लिहिलेलं नाही. पोटॅशियम सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं, हे आपण मुलींच्या डोक्यात घण घालून बसवलेलं असतं. आता ती मुलगी रेसिडेंट डॉक्टरांना जाऊन ‘सर, तुमची ऑर्डर अपुरी आहे’ असं म्हणणार आहे का? नाही म्हणणार. ती ट्रे तसाच हातात धरून सिस्टरकडे जाते आणि विचारते, ‘सिस्टर, हे डायल्यूट करूनच द्यायचंय ना? सरांना एकदा विचारून घेऊ का?’ सिस्टर फोन लावतात, सर ऑर्डर नीट लिहून देतात, एवढ्यावर भागतं. कुणी कुणाला काही बोललं नाही, कुणाचा मान गेला नाही, पेशंट वाचला. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर तुमचा फॉर्म येतो, ‘शंका असेल तर बोलून दाखवते’. ती प्रामाणिकपणे विचार करते की मी कुठे काय बोलून दाखवलं, मी तर फक्त विचारलं. टिक पडते ‘क्वचित’वर.

म्हणून म्हणते की त्या मुलींना बोलतं करा. शंका आली तेव्हा काय केलंस, कुणाकडे गेलीस, कुठल्या शब्दांत विचारलंस. त्यातून कळेल की आपल्याकडे शंका वर पोचते ती जिन्याने, एकेक पायरी चढत, सिनिअर स्टुडंट, स्टाफ, इनचार्ज, मग डॉक्टर.

आता कल्चरचा मुद्दा. देशोदेशींच्या कल्चरचा अभ्यास करणाऱ्या हॉफस्टेड यांच्या पॉवर डिस्टन्सच्या आकड्यांत भारत ७७, स्पेन ५७, अमेरिका ४०, म्हणजे वरच्याला वरचा मानण्याची सवय आपल्याकडे जास्त. थीसिसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये हे आकडे हमखास येतात. पण ते आकडे मुळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्व्हेतून, १९६७ ते १९७३ च्या आसपासच्या, आलेत. आयबीएमच्या ऑफिसातल्या माणसावरून आजच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या इंटर्न मुलीचं निदान करायचं म्हणजे जरा जास्तच झालं. आकडा इशारा म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नको.

आणि समजा शोधल्यावर पहिलंच कारण निघालं, की मुली खरंच गप्प बसतात. मग तर ते विधान सोन्यासारखं आहे! तेच तुम्हाला सांगतंय की शिकवायचं काय राहिलंय. पेशंटबद्दल डॉक्टरांना कसं सांगायचं त्यासाठी आपण एसबीएआर शिकवतो, सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. पहिले तीन मुली धडाधड सांगतात, चौथ्याला, म्हणजे ‘सर, माझ्या मते आता अमुक करावं’ म्हणायला आवाज बसतो. का बसतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आपणही त्याच वॉर्डातून आलोय. कल्चर म्हणून ते सोडून द्यायचं असेल तर मग लीडरशिप मोजायचीच कशाला? पोटॅशियम काही कुणाचं कल्चर बघत नाही.

प्रॅक्टिकल सांगायचं तर मूळ विधानं सगळी ठेवा, पण मराठी असं करा की विचारून, सुचवून, वरच्यांच्या लक्षात आणून देऊन, कुठल्याही वाटेने शंका पुढे नेली तरी ती धरली जाईल. आणि तुमच्या मुलींच्या बोलण्यातून जी खास आपली वागणूक निघेल, उदाहरणार्थ नातेवाइकांची गर्दी सांभाळणं, वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशी-मामांकडून गोडीत काम करून घेणं (हे ज्याला जमलं त्याला जगातलं कुठलंही मॅनेजमेंट जमेल), त्यांची चार-पाच विधानं शेवटी वेगळी जोडा आणि त्यांचे मार्क वेगळे मोजा. मूळच्यात मिसळू नका, नाहीतर टूल ना त्यांचं राहतं ना तुमचं. एक्सपर्टना परत पाठवताना प्रत्येक विधानाला एकूणांपैकी किती जणांनी ‘योग्य’ म्हटलं त्याचं प्रमाण काढा, सहा किंवा जास्त एक्सपर्ट असतील तर ०.७८ च्या खाली आलेल्या विधानावर परत चर्चा करतात. चर्चा करायची, लगेच कात्री नाही लावायची.

प्रश्न : आमच्याकडे मुलांची घरची भाषा कोंकणी, काहींची शाळा मराठी, काहींची इंग्लिश, आणि कॉलेज सगळं इंग्लिश. मराठी फॉर्म द्यावा का इंग्लिशच ठेवावा? – फोंडा, गोवा

उत्तर : बीएस्सीला शिकवणं इंग्लिशमध्येच चालतं, त्यामुळे वाचता येत नाही हा प्रश्न नसतो. प्रश्न असा की ‘इनिशिएटिव्ह’ हा शब्द मुलांनी पुस्तकातून पाठ केलेला असतो, त्यामुळे त्या विधानाला ते पेपरातल्यासारखं बरोबर उत्तर देतात, स्वतःचं देत नाहीत. मराठीत तेच विचारलं की जरा अंगावर येतं. एएनएम (जीएनएमहून छोटा नर्सिंगचा कोर्स) किंवा मराठी माध्यमातून जीएनएमला आलेल्यांसाठी मराठी लागेलच.

ठरवायला एक सोपी युक्ती आहे. ज्यांना दोन्ही भाषा चांगल्या येतात अशी काही मुलं घ्या, अर्ध्यांना आधी इंग्लिश, दोन आठवड्यांनी मराठी, उरलेल्यांना उलट. मग एकाच मुलाचं उत्तर कुठल्या विधानाला उडी मारतंय ते बघा. तीच विधानं दुरुस्तीला काढायची. कोंकणीत करायचं म्हणाल तर करा, चांगलंच आहे, फक्त मराठीवरून कोंकणी करू नका, मूळ इंग्लिशवरून करा. देवनागरी लिपी का रोमी या वादात मी पडत नाही, मला गोव्यात अजून यायचंय.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांचा सरासरी स्कोअर स्पेनच्या छापील स्कोअरपेक्षा जास्त आला. टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासायची चाचणी) लावून आपले विद्यार्थी लीडरशिपमध्ये पुढे आहेत असं लिहू का? अल्फा पण ०.९६ आलाय. – पीएचडी करणारा, पुणे

उत्तर : लिहू नका सर, व्हायव्हाला कुणीतरी धरेल.

स्वतःला मार्क देताना माणूस आजूबाजूच्यांकडे बघून देतो. मी पुढाकार घेतो म्हणजे कुणापेक्षा? तर माझ्या बॅचमधल्या मुलांपेक्षा. स्पेनचा मुलगा स्पेनच्या मुलांशी तुलना करतोय, तुमचा पुण्याच्या मुलांशी. दोघांची पट्टी वेगळी, मग सेंटीमीटर जुळवून काय उपयोग. हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हाच मुद्दा दाखवून दिला होता, याला रेफरन्स ग्रुप इफेक्ट म्हणतात. तुलना करायचीच असेल तर आधी मेझरमेंट इन्व्हेरियन्स, म्हणजे टूल दोन्हीकडे सारखंच मोजतं का, ते तपासावं लागतं, दोन्ही देशांत घटक (एकत्र जाणाऱ्या विधानांचे गट) तसेच पडतात का, विधानांचं वजन सारखं आहे का, आणि सुरुवातीची पातळीही सारखी आहे का, आणि यातली तिसरी पायरी पार झाल्याशिवाय सरासरीची तुलना करता येत नाही. त्यासाठी त्यांचा मूळ डेटा लागतो, छापील सरासरीवर भागत नाही.

दुसरं, फॉर्म कसा भरून घेतला? क्लास टीचर समोर उभ्या, वर रोल नंबर, ‘सगळ्यांनी नीट भरा हं’. अशा वेळी मुलं ४ आणि ५ च्या खाली उतरतच नाहीत. उत्तरांचे पर्यायसुद्धा बघा. ‘क्वचित’, ‘कधीकधी’, ‘अधूनमधून’, ‘बरेचदा’ यांचा क्रम तुमच्या डोक्यात पक्का असेल पण विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून लावायला सांगा, कधीकधी आणि अधूनमधून यांची अदलाबदल हमखास होते. यातला एकच ठेवा.

आणि ०.९६ ला पेढे वाटू नका. अल्फा खूप वर गेला याचा अर्थ बरेचदा एकच गोष्ट पाच वेळा विचारलीय असा असतो, किंवा मुलांनी वरपासून खालपर्यंत एकाच रांगेत टिका ओढल्यात. कच्चे फॉर्म काढून चाळा, डोळ्यांनीच दिसेल. उलटी (नकारात लिहिलेली) विधानं घातली असतील तर तीही तपासा, मराठीत ‘मी जबाबदारी टाळत नाही’ला ‘कधीच नाही’ म्हणायचं म्हणजे नेमकं काय, हे मलाही दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मॅडम, मी शेतकरी आहे. मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजात लीडरशिपची काहीतरी टेस्ट झाली, तिला मार्क कमी पडले. तिथे तिला सांगितलं की तू कधी इनचार्ज होणार नाहीस. तेव्हापासून गप्प गप्प आहे. ही टेस्ट किती खरी मानायची? – जालना जिल्हा

उत्तर : दादा, पहिली गोष्ट, ही परीक्षा नाही. यात पास-नापास नसतं. मार्क कुणी तपासणाऱ्याने दिलेले नाहीत, तुमच्या मुलीने स्वतःच स्वतःला दिलेत. म्हणजे फार तर एवढं कळतं की ती स्वतःला कमी समजते, किंवा ती प्रामाणिक आहे आणि शेजारच्या बाकावरची जरा उदार आहे. क्रुगर आणि डनिंग यांनी १९९९ मध्ये विद्यार्थ्यांवरच प्रयोग करून दाखवलं होतं की ज्यांना कमी येतं ते स्वतःला भरपूर मार्क देतात आणि ज्यांना चांगलं येतं ते बाकीच्यांच्या मानाने स्वतःला जरा कमीच धरतात. त्यामुळे या फॉर्मवरून कोण इनचार्ज होईल हे सांगणं म्हणजे कुंडली बघण्यासारखं आहे, आणि असं सांगणाऱ्याने टूलचं माहितीपत्रक वाचलेलं नाही.

हे टूल कशासाठी असतं, तर मुलीने स्वतः बघावं की कुठे कमी वाटतंय, आणि टीचरने त्यावर काम द्यावं. तिला सांगा, फॉर्म परत बघायला माग. ज्या दोन-तीन विधानांना कमी टिक केलीय तेवढीच बघायची. समजा हँडओव्हर देताना बोलता येत नाही असं असेल तर पुढच्या पोस्टिंगला रोज एका पेशंटचा हँडओव्हर तिनेच द्यायचा, स्टाफ सिस्टरना सांगून. दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे ती, चार वर्षांचा कोर्स आहे, अजून निम्मा बाकी आहे. आणि तुम्ही घरी तिला मार्कांबद्दल विचारू नका, वॉर्डात आज काय झालं ते विचारा.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये बँड ५ वर (इथल्या नर्सची सुरुवातीची पगारश्रेणी) आहे, मूळची साताऱ्याची. इथे हेल्थकेअर लीडरशिप मॉडेलचा सेल्फ-असेसमेंट फॉर्म भरला, सगळीकडे खालची पातळी लिहिली. मॅनेजर म्हणते तू इतकं कमी का लिहिलंस. मला स्वतःचं कौतुक लिहायला कसंतरीच होतं. – बर्मिंगहॅम

उत्तर : अगं, आपल्याकडे स्वतःचं कौतुक स्वतः केलं की लोक टोमणे मारतात, मग सवय कुठून असणार. पण तो फॉर्म कौतुक मागत नाहीये. एनएचएस लीडरशिप अकॅडमीच्या त्या मॉडेलमध्ये नऊ बाजू आहेत आणि प्रत्येकीच्या चार पातळ्या, एसेन्शियल, प्रोफिशियंट, स्ट्राँग, एक्झेम्प्लरी, आणि प्रत्येक पातळीला प्रश्न दिलेत की तू असं असं करतेस का. तेव्हा ‘मी कशी आहे’ हा विचार बाजूला ठेव. प्रत्येक बाजूसाठी गेल्या दोन-तीन महिन्यांतला एक प्रसंग लिही, नवीन आलेल्या केरळच्या मुलीला पहिला आठवडा कुणी सांभाळलं, बेड मॅनेजरशी डिस्चार्जवरून कोण बोललं, आणि मग तो प्रसंग कुठल्या पातळीच्या प्रश्नांना ‘हो’ म्हणतो ते बघ. पातळी प्रसंग ठरवेल, तू ठरवायची नाहीस. तुमच्याकडच्या नर्सिंग एज्युकेटरना हेही सांग की बाहेरून आलेल्या बऱ्याच नर्स असंच कमी लिहीत असतील, नुसत्या फॉर्मवर बँड ६ चं ठरवू नका.

थोडक्यात

किती विद्यार्थी लागतील? (अकोला) – एका विधानामागे निदान पाच ते दहा, म्हणजे ३० विधानांना १५० ते ३००. घटक शोधायला आणि ते पक्के करायला एकच गट वापरू नका, दोन वेगळे घ्या. एकाच कॉलेजची सगळी मुलं नकोत, सरकारी, खासगी, शहरातलं, तालुक्याचं असं मिसळा.

टूल एकदा मराठीत झालं की ते कुणीही वापरू शकतं का? (रत्नागिरी) – ज्याने परवानगी घेतली त्याला विचारून. परवानगीच्या पत्रात बहुतेक वेळा फक्त तुमच्या अभ्यासापुरतं असं लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. झेरॉक्सच्या दुकानात ठेवून देऊ नका.

सोलापूरहून ज्यांनी ३६ पानी भाषांतर तपासायला पाठवलंय त्यांना विनंती, आधी ते तुमच्याच दोन विद्यार्थिनींना मोठ्याने वाचायला लावा, जिथे त्या अडखळतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि मग खुणा केलेली पानंच मला पाठवा.